आधी पोराला काहीतरी म्हणायचं असू द्या, इंग्रजीचं नंतर बघू

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात मी पर्यावरणावरचा इंग्रजी निबंध फळ्यावर लिहून दिला होता, आणि गडबडीत एन्व्हायर्नमेंट या शब्दातला मधला एन माझ्याकडून सुटला. महिन्याभरानं घटक चाचणीचे पेपर तपासायला घेतले तर ५२ पेपरांत तो एन सुटलेला. एकाही मुलाला तो शब्द पुस्तकात बघावासा वाटला नव्हता, मॅडमनी फळ्यावर लिहिलंय म्हणजे तसंच असणार. लाल पेन हातात तसाच राहिला माझा. ५२ वेळा मी माझाच निबंध वाचत होते आणि माझ्याच निबंधाला मार्क देत होते, त्यात मुलं कुठंच नव्हती.

मी माण तालुक्यातल्या एका हायस्कूलवर इंग्रजी शिकवते, १९ वर्षं झाली. त्यातली बहुतेक वर्षं मी हेच केलं, निबंध लिहून दिले, पाठ करून घेतले, म्हणून दाखवायला लावले. आमच्याकडं सगळेच तसं करतात आणि वाईट हेतूनं कुणी करत नाही. पण आता मला ठाम वाटतं की इंग्रजीच्या तासाला आपण निबंध शिकवतच नाही, आपण पाठांतर घेतो आणि त्याला निबंध म्हणतो. मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून निबंध येत नाही असं सगळे म्हणतात, माझा अनुभव वेगळा आहे, मुलाला काहीतरी म्हणायचंय अशी वेळच आपण त्याच्यावर येऊ देत नाही आणि म्हणायचंच काही नसेल तर इंग्रजी लागणार तरी कशाला.

बघा ना, महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज दहावीला बसणाऱ्या पोराची इंग्रजीची दहा वर्षं झालेली असतात. आणि त्याला पाच ओळी स्वतःच्या मनाच्या लिही म्हटलं की तो विचारतो, "मॅडम, कुठला निबंध लिहू?" म्हणजे डोक्यात निबंधांचा एक साठा आहे, माझी आई, माझी शाळा, झाडांचं महत्त्व, मोबाईल शाप की वरदान, आणि त्यातला कुठला काढायचा एवढाच त्याचा प्रश्न. वाक्यंसुद्धा ठरलेली. मॅन इज अ सोशल ॲनिमल. ट्रीज आर अवर बेस्ट फ्रेंड्स. एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स. शेवटी वुई शुड यूज इट प्रॉपरली. ज्या पोराच्या घरामागं टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते तो पोरगा पाण्यावरच्या निबंधात वॉटर इज लाइफ एवढंच लिहून मोकळा होतो, हंड्याचं एक अक्षर नाही. त्याला वाटतं हंडा इंग्रजीत चालत नाही.

आता जे मला बदलायला लावलं ते सांगते. नववीचा वर्ग, विषय दिला शाळेत मोबाईल आणू द्यावा का. नेहमीसारखं लिहून आणलं सगळ्यांनी, मोबाईल इज अ ग्रेट गिफ्ट ऑफ सायन्स, इट हॅज मेनी ॲडव्हांटेजेस अँड डिसॲडव्हांटेजेस, वगैरे. त्या दिवशी मी वह्या बाजूला ठेवल्या आणि म्हटलं, इंग्रजी राहू दे, मराठीत सांगा, आणू द्यावा का नाही? पहिली पाच मिनिटं कुणी बोलेना कारण मॅडमना कुठलं उत्तर पाहिजे ते कळत नव्हतं. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभर इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडलेला, तो म्हणाला, "मॅडम, यष्टी चुकली तर घरी सांगायचं कसं?" आणि वर्ग सुटला. एक मुलगी म्हणाली स्टँडसमोरच्या दुकानात फोन आहे की, तिथून लाव. हा म्हणतो मंगळवारी दुकान बंद असतंय. दुसरी म्हणाली, पण मोबाईल आणला तर तू तासाला गेम खेळणार. तो म्हणाला, मग ऑफिसात जमा करायचा, सुटताना घ्यायचा. वीस मिनिटं नुसता वाद, बाकावर मुठी आपटून. बाजूच्या वर्गावरचे सर येऊन बघून गेले काय झालं म्हणून.

मी त्याला म्हटलं हेच लिही, आत्ता जे बोललास तेच, इंग्रजीत, चुकलं तर चुकू दे. पहिल्या खेपेला पुन्हा तेच गिफ्ट ऑफ सायन्स आलं. मी परत दिलं, म्हटलं यष्टी कुठं गेली? दुसऱ्या खेपेला यष्टी आली पण मंगळवार नाही आला. तिसऱ्या खेपेला त्यानं जे आणलं ते माझ्याकडं अजून आहे, वहीचं पान फाडून दिलं होतं त्यानं: आय वॉन्ट मोबाईल इन स्कूल, बट ओन्ली इन ऑफिस, नॉट इन बॅग. अवर बस कम ॲट फाइव्ह फोर्टी. समटाइम बस नॉट कम. माय मदर स्टँड ऑन रोड. सम पीपल से शॉप हॅज फोन. बट ट्यूजडे शॉप इज क्लोज.

व्याकरणाच्या नजरेनं बघितलं तर जवळजवळ प्रत्येक ओळीत चूक आहे. पण दुसऱ्या नजरेनं बघा. त्याचं म्हणणं आहे, आणि नुसतं आणू द्या असं नाही, त्याला त्यानं स्वतःच कुंपण घातलंय, ऑफिसात जमा करायचा. कारण दिलंय. कारणाला दाखला दिलाय, पाच चाळीसची गाडी आणि रस्त्यावर उभी असलेली आई. समोरच्याचं म्हणणं घेतलंय, सम पीपल से. आणि ते एका मंगळवारनं खोडलंय. ज्याला इंग्रजी अध्यापनाच्या पुस्तकांत थीसिस, एव्हिडन्स, काउंटर आर्ग्युमेंट म्हणतात ते सगळं त्या सहा ओळींत होतं. पाठ केलेल्या त्या दीडशे शब्दांत यातलं काहीच नव्हतं आणि त्याला मी इतकी वर्षं दहापैकी आठ देत होते.

आणि गंमत म्हणजे व्याकरणसुद्धा तिथूनच सुरू झालं. तोच मुलगा आपणहून विचारत आला, मॅडम, बस नॉट कम बरोबर आहे का. डझ नॉट मी त्याला सहावीपासून शिकलेलं धरत होते, पाचपन्नास वेळा फळ्यावर झालेलं, पण त्याला ते पहिल्यांदा लागलं त्या दिवशी. लागलं म्हणून राहिलं.

इथं लगेच लोक म्हणतात की इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, तास पूर्ण इंग्रजीतून झाला पाहिजे. प्रशिक्षणात आम्हाला हेच सांगतात. मला हे पटत नाही. बोलण्याच्या सरावाला इंग्रजी वातावरण पाहिजे हे कबूल, पण निबंधाच्या आधी जो विचार करायचा असतो तो मुलं ज्या भाषेत घरी भांडतात त्याच भाषेत होणार ना. मत बनवायला, दुसऱ्याचं खोडायला जी चपळाई लागते ती चौदा वर्षांच्या पोराकडं मराठीत तयार आहे, भरपूर आहे, शिवाराच्या पाण्यावरून आणि क्रिकेटच्या आउटवरून ती रोज वापरात आहे. ती दाराबाहेर ठेवून या म्हटलं की आत रिकामं पोरगं येतं. आपल्याकडं विचाराला भाषांची अशी भिंत कधी नव्हती. १८८१ ला टिळक-आगरकर मंडळींनी केसरी मराठीत काढला तेव्हाच मराठा इंग्रजीत काढला, आणि पुढं १८८८ ला आगरकरांचा सुधारक निघाला तो मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. आमच्या आजोबांच्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवलं, म्हणजे मराठी मांडीवर घेऊनच गिरवलं.

निबंधाची रचना शिकवायची तर तीही आपल्याच घरात आहे. मी प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप असं सांगायचे, अमेरिकन शाळांत तो पाच परिच्छेदांचा साचा असतो तोच इकडं आलाय, आणि मुलं तीन मुद्दे म्हणून एकच मुद्दा तीनदा लिहायची. आता मी कीर्तनाचं उदाहरण देते. आमच्या गावात सप्ताहाला कीर्तन नाही ऐकलं असं पोरगं सापडणार नाही. महाराज एक अभंग घेतात. एकच. मग त्यातला एकेक चरण सोडवतात, दाखला देतात, गोष्ट सांगतात, आणि कुठंही फिरून आले तरी परत त्या चरणावर येतात. महाराज अभंग सोडून भलतीकडं गेले की मागं बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा चुळबुळ करायला लागतात, ते पोरांना बरोबर कळतं. मग मी विचारते, तुझ्या निबंधाचा अभंग कुठला? एका ओळीत सांग. आणि हा जो परिच्छेद आहे तो कुठल्या चरणाचा? वुई शुड प्लांट मोर ट्रीज हे मोबाईलच्या निबंधात आलंच कसं? मुलं स्वतःच खोडतात. थीसिस स्टेटमेंट हा शब्द मी दोन वर्षं शिकवून जे जमलं नव्हतं ते या एका उदाहरणानं दोन तासांत जमलं.

समोरच्याचं म्हणणं नीट मांडायला शिकवणं मात्र खूप अवघड आहे आणि माझ्या मते चांगल्या निबंधाचा जीव तिथंच असतो. बोर्डाच्या कृतिपत्रिकेत व्ह्यू-काउंटरव्ह्यू म्हणून प्रश्न येतो, कल्पना फार चांगली आहे, एका बाजूचे मुद्दे दिलेले असतात आणि मुलानं दुसरी बाजू लिहायची. पण आपण तिचं काय केलंय? क्लासवाले सांगतात, दिलेल्या वाक्यात नॉट घाला, युजफुलचं हार्मफुल करा, झाला काउंटरव्ह्यू. समोरचा असं का म्हणतोय हा प्रश्नच नाही. मी वर्गात बाबासाहेबांचं सांगते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, मजकूर वाचून मंडळाला तो मानवेना, परिषदच झाली नाही, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. गांधीजींनी आपल्या हरिजन साप्ताहिकात त्यावर टीका केली. तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं, गांधीजींचे ते टीकालेख आपल्याच पुस्तकात छापले आणि त्याच्या पुढं आपलं उत्तर छापलं. वाचणाऱ्यानं दोन्ही वाचावं आणि ठरवावं. हे सांगितलं की वर्ग शांत होतो. मग मी म्हणते, तुम्ही ज्याच्या विरुद्ध लिहिताय त्याला तुमचा परिच्छेद वाचून दाखवा आणि विचारा, तुला हेच म्हणायचं होतं का. तो हो म्हणाला तरच पुढं खोडायचं. निम्म्या वेळा तो नाही म्हणतो. मग परत लिहावं लागतं. वेळ जातो, जाऊ दे.

आता लाल पेनाचं. प्रत्येक चूक दुरुस्त केली नाही तर मॅडम वह्या तपासत नाहीत असं पालकांना वाटतं, वह्या बघायला येणाऱ्या साहेबांनाही वाटतं. पण या दुरुस्तीचा उपयोग किती यावर अभ्यासकांतच मोठा वाद झालेला आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ ला सरळ मांडलं होतं की परक्या भाषेच्या लेखनात व्याकरणाच्या चुका अशा दुरुस्त करत बसणं सोडून द्यावं, फायदा होत नाही, उलट नुकसान होतं. डॅना फेरिस यांनी १९९९ ला त्याला उत्तर दिलं की सगळं एकदम सोडायचं कारण नाही, दुरुस्ती निवडून आणि नीट केली तर उपयोग होतो. मी फेरिसबाईंच्या बाजूची आहे, पण ट्रस्कॉट वाचल्यावर मला माझ्या वह्या आठवल्या. रक्त सांडल्यासारखं लाल पान मुलाच्या हातात पडायचं, तो वरचे मार्क बघायचा आणि वही दप्तरात टाकायचा. एकही दुरुस्ती पुढच्या निबंधात दिसायची नाही, कारण तो निबंध त्याला परत लिहायचाच नसायचा. मेलेल्या माणसाला औषध दिल्यासारखं ते.

म्हणून माझं म्हणणं असं की वर्षात निबंध कमी करा आणि प्रत्येक निबंध तीनदा लिहून घ्या. पहिल्या खेपेला फक्त म्हणणं बघायचं, आहे का नाही. दुसऱ्या खेपेला दाखला आणि समोरच्याचं म्हणणं. व्याकरण तिसऱ्या खेपेला, आणि तेही एका वेळी एकच गोष्ट, या महिन्यात भूतकाळ तर भूतकाळ, बाकी चुका दिसल्या तरी हात आवरायचा. मला अजून त्रास होतो हात आवरायला.

यावर शिक्षक मंडळी जे म्हणतात ते अगदी खरं आहे आणि मी ते टाळणार नाही. माझ्याकडं चार तुकड्या आहेत, एकेकीत साठ पोरं, म्हणजे २४० वह्या. एका वहीला पाच मिनिटं धरली तरी २० तास. तीन खेपा म्हणजे ६० तास, एका निबंधाला. वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, ते वेगळंच. कुठून आणायचे हे तास? मी जे करते ते असं, पहिली खेप मी वाचतच नाही, बाकावरचा शेजारी वाचतो आणि खाली एकच प्रश्न लिहितो, कशावरून किंवा म्हणजे काय. दुसऱ्या खेपेला मी एकच परिच्छेद वाचते, मुलानं स्वतः निवडलेला. तिसरी पूर्ण वाचते पण एका महिन्यात एकाच तुकडीची. हे आदर्श नाही. साठच्या वर्गात लेखन शिकवणं मुळात होत नाही, आणि जोवर वर्ग साठचे आहेत, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत तोवर मुलांना इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून शिक्षकाला दोष देणं अन्याय आहे. हे शासनानं ऐकलं पाहिजे, नुसतं नवीन धोरण आणि नवीन प्रशिक्षण काढून भागणार नाही.

दुसरा आक्षेप मार्कांचा. आमचे मुख्याध्यापक मला म्हणाले होते, मॅडम, हुशार पोरांचं ठीक आहे, पण जे पस्तीसवर लटकलेत त्यांना पाठ केलेलं पत्र आणि निबंध हाच आधार आहे, तो काढून घेतला तर नापास होतील, आणि दहावी नापास पोरीचं आमच्याकडं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर तिचंही उरकतात. म्हणून बोर्डाच्या परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत मीही काही मुलांकडून पाठ करून घेते, अजूनही घेते, त्याची मला लाज नाही. पण ते आठवीपासून करायचं कारण नाही. आठवी-नववीची दोन वर्षं मुलाला स्वतःचं लिहायला मिळाली तर पस्तीसवाल्यांतले निम्मे तरी स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत पास होतील असं मला माझ्या वर्गावरून दिसतंय.

आणि पुढं या मुलांना लिहावंच लागणार आहे. आमच्याकडची किती मुलं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा करतात. यूपीएससीला निबंधाचा पेपर २५० मार्कांचा आहे, तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे, आणि ते मराठीतूनही लिहिता येतात. एमपीएससीनंही मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, वेळ द्या म्हणून, आणि ते २०२५ वर गेलं. त्या मुलांची चूक नव्हती. शाळेत दहा-बारा वर्षांत स्वतःचं एक पान न लिहिलेल्या मुलाला पंचविशीत एकदम मत मांड म्हटलं तर तो घाबरणारच. परदेशी शिकायला जायचं तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ४० मिनिटांत किमान २५० शब्दांचा निबंध, विषय आधी माहीत नाही. तिथं पाठांतर कुठपर्यंत पुरणार?

चॅटजीपीटीबद्दल मला फार बोलायचं नाही. मुलं मोबाईलवरून निबंध काढून आणतात म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर रोज रडारड चालते. पण शाप की वरदान छापाचा निबंध यंत्राला चार सेकंदात जमतो, कारण त्यात कुणाचंच काही नसतं. आपण जर तोच विषय देत राहिलो तर मुलानं तो यंत्राकडून का लिहून घेऊ नये याचं उत्तर माझ्याकडं तरी नाही. मंगळवारी ते दुकान बंद असतं हे मात्र त्या पोरालाच सांगावं लागतं.

बोर्डाकडं माझं मागणं एकच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. इंग्रजीला लेखी ८० आणि अंतर्गत २० असे मार्क असतात. त्या २० मधले निदान ५ मार्क एका निबंधाच्या सगळ्या खेपांना द्या. पहिली खेप, दुसरी, तिसरी, एकाला एक पिन मारलेली, आणि मार्क पहिल्या खेपेपासून तिसरीपर्यंत काय बदललं त्याला. विषय मुलानं गावातला निवडायचा. अंतर्गत मार्क शाळा वाटून टाकतात असं लोक म्हणतील, टाकतातही, म्हणून ते कागद शाळेत जपून ठेवा आणि तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेच्या शिक्षकानं येऊन त्यातले दहा संच वाचावेत असं करा. पहिल्या आणि तिसऱ्या खेपेत काहीच फरक नसेल तर ते कुणालाही पाच मिनिटांत कळतं.

तो यष्टीवाला मुलगा आता अकरावीला आहे, तालुक्याला जातो. सध्याच्या नववीनं या महिन्याचा विषय स्वतः निवडलाय, बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असावी का. सत्तावीस जण हो म्हणतायत, एकतीस नाही, आणि दोन मुली म्हणाल्या की आम्हाला आधी बाजारात बसणाऱ्या आयांना विचारायचंय, मग सांगतो. त्यांना मी बुधवारपर्यंत वेळ दिलाय.